वीजकेंद्राचं पाणी आणि खाडीतले प्राणिप्लवक : अभ्यास करताना, अहवाल वाचताना या चुका टाळा

फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावणाच्या, बाटलीत सगळे कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे मिलिमीटरभराचे प्राणी) सारखेच दिसतात. एक वीजकेंद्राच्या पंपातून आणि कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांतून जाताना मेलेला, दुसरा जाळीत येईपर्यंत झटक्याझटक्यानं पोहत असलेला. दोघांच्याही लांब मिशा शाबूत असतात, दोघांचंही अंग काचेसारखं असतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजणारा दोघांनाही एकेकच धरतो. मग अहवालात वाक्य येतं : आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या पाण्यात प्लवकांची घनता जवळजवळ सारखी आढळली, सबब परिणाम नगण्य.

मीही पहिल्या वर्षी असंच लिहिलं होतं. डिसेंबर ते मे असे सहा महिने खाडीत फिरून नमुने जमवले होते. आकडेमोड बरोबर होती, आलेख नीट होते. नमुना होडीवर आला की लगेच फॉर्मॅलिन ओतायचं असं शिकवलेलं होतं, म्हणून ओतलं. त्यातले मेलेले किती आणि जिवंत किती, हे त्या बाटल्यांवरून आता कधीच कळणार नाही. त्या सहा महिन्यांची हळहळ अजून आहे. नवीन अभ्यासकांची तेवढी मेहनत वाचावी आणि जनसुनावणीआधी जाडजूड अहवाल चाळणाऱ्या कार्यकर्त्यांना, मच्छीमार सोसायट्यांच्या मंडळींना नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कळावं, यासाठी हे लिहिते आहे.

प्राणिप्लवक म्हणजे पाण्याच्या ओघाबरोबर वाहत जाणारे लहान प्राणी. काही जन्मभर प्लवकच राहतात, जसे कोपेपॉड. काही फक्त बालपणी तसे असतात : चिंबोरीची, कोलंबीची, कालवांची पिल्लं आणि माशांची अंडी. जवळा ज्यांच्या घरात शिजतो त्यांनी प्राणिप्लवक खाल्लेलेच आहेत. जवळा हा तरंगत्या जातीचा चिमुकला झिंगा, असीटेस त्याचं शास्त्रीय नाव. बोंबील त्याच्यावर वाढतो आणि डोल जाळ्यात दोघं एकत्र येतात. तेव्हा हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही, तो बाजारातल्या टोपलीपर्यंत येतो.

फक्त बाहेर पडणारं गरम पाणी बघणं

ही सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. विषयाचं नाव काढलं की लोक थर्मामीटर घेऊन सांडपाण्याच्या चरीकडे धावतात. तिथून पाचशे मीटर, हजार मीटर, दोन हजार मीटर अशी स्थानकं आखतात. गरम पाण्याचा पट्टा किती लांब गेला, कुठं विरला, याचे रंगीत नकाशे काढतात. ते करायला हवंच. पण प्लवकांवरचा सगळ्यांत कडक प्रसंग त्या नकाशात नसतो. तो केंद्राच्या आत, नळ्यांमध्ये घडून गेलेला असतो.

आधी पाण्याचा हिशेब करून बघा. कोळशावरचं ५०० मेगावॉटचं केंद्र घ्या. डहाणूचं औष्णिक केंद्र एवढ्याच क्षमतेचं आहे, २५० मेगावॉटचे दोन संच. अशा केंद्राची कार्यक्षमता ३६ टक्के धरली, तर कोळशातून सुमारे १,३९० मेगावॉट उष्णता निघते. त्यातले ५०० वीज होऊन तारेत जातात, दोनशेच्या आसपास धुराड्यावाटे आणि इकडेतिकडे जातात, आणि उरलेले ६९० मेगावॉट थंडाव्याच्या पाण्याला घ्यावे लागतात. पाणी एकदाच वापरून परत सोडायचं आणि ते सात अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचं नाही असं ठरवलं, तर सेकंदाला सुमारे २४ घनमीटर पाणी लागतं. दिवसाला वीस लाख घनमीटर. घनमीटरमागे पाच हजार प्राणी धरले (आपल्या खाड्यांमध्ये ही संख्या हजारापासून लाखापर्यंत हलते) तर रोज एक हजार कोटी जीव आत ओढले जातात. हे कुठल्याही एका केंद्राचं मोजमाप नाही, कागदावरचं गणित आहे. पण प्रश्न किती मोठा आहे ते त्यावरून कळतं. अणुवीज केंद्रात धुराड्यावाटे उष्णता जात नाही, त्यामुळे तिथं दर मेगावॉटमागे पाणी आणखी जास्त लागतं.

याच गणितात एक पेच आहे, आणि तो फार थोड्या अहवालांत दिसतो. तापमानवाढ दहा अंश चालू दिली, तर सेकंदाला २४ ऐवजी १७ घनमीटर पाणी पुरतं. म्हणजे बाहेरचं पाणी थंड ठेवायचं तर आत जास्त पाणी ओढावं लागतं आणि जास्त जीव नळ्यांतून जातात. जीव कमी ओढायचे तर पाणी जास्त तापतं. आपल्या नियमांत समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांना सात अंशांची आणि जुन्यांना कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये दहा अंशांची मर्यादा आहे. १ जून १९९९ नंतरच्या, नदी-तलावाचं पाणी घेणाऱ्या केंद्रांना शीतकरण मनोरे, म्हणजे तेच पाणी थंड करून पुन्हा वापरणारे मनोरे, सक्तीचे आहेत. अंशाचा आकडा पाळला की काम झालं असं समजणाऱ्याला हा पेच दिसतच नाही. अमेरिकेच्या १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यात उष्णतेसाठी एक पोटकलम आणि पाणी आत घेण्याच्या रचनेसाठी दुसरं पोटकलम आहे. दोन प्रश्न वेगळे आहेत हे तिथं कायद्यानंच मान्य केलं.

आत काय होतं? तोंडाशी फिरत्या जाळ्या असतात, त्यांची भोकं साधारण नऊ-दहा मिलिमीटरची. मासे, चिंबोऱ्या त्यांवर अडकतात आणि दिसतात, म्हणून त्यांची चर्चा होते. मिलिमीटरभराचा कोपेपॉड त्यातून सरळ पुढं जातो. पुढं पंपाची पाती, दाबाची उलथापालथ, बोटभर जाडीच्या हजारो नळ्या, तिथं काही सेकंदांत चढलेलं तापमान आणि वर क्लोरीन. हे सगळं मिनिटांत उरकतं.

एकदा खाडीच्या मुखाशी थांबलो होतो, तेव्हा होडीच्या तांडेलानं मला विचारलं होतं, "मॅडम, पाणी येतंय ते बघताय, जातंय ते कुणी बघतं का?" त्यानं पंपघराकडे हात केला होता. त्या दिवशी आमच्या नऊ स्थानकांपैकी एकही आत जाणाऱ्या पाण्यावर नव्हतं.

मारणारी गोष्ट उष्णताच, असं आधीच ठरवणं

दोन जुनी उदाहरणं शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत मेरीलँड राज्यात पॅटक्सेन्ट नदीच्या खाडीवर चॉक पॉइंट नावाचं केंद्र १९६४ साली सुरू झालं. डोनाल्ड हाइनल यांनी तिथल्या अकार्टिया टोन्सा या कोपेपॉडचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९६९ साली तो छापला. तिथं उष्णतेपेक्षा क्लोरीन घातक ठरलं. आता दुसरीकडे, लाँग आयलंड साउंडच्या काठावरचं मिलस्टोन अणुवीज केंद्र. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथून जाणारे सुमारे सत्तर टक्के कोपेपॉड मरत होते, आणि दोष मुख्यतः ढकलाढकलीचा होता : पंप, भोवरे, दाब. तापमान आणि क्लोरीन तिथं दुय्यम निघाले.

खाडी तशीच, प्राणी तसेच, आणि कारणं वेगळी. त्यामुळे आपल्या केंद्राबद्दल विचारायचा प्रश्न असा : पंप चालू आहेत पण संच बंद आहे, म्हणजे पाणी तापत नाही, अशा दिवशी किती मरतात? संच चालू आहे पण क्लोरीन बंद आहे, अशा वेळी किती? दोन्ही चालू असताना किती? देखभालीसाठी संच वर्षातून काही दिवस बंद असतोच. तो काळ अभ्यासकाला सोन्यासारखा असतो, आणि बहुतेक जण तेव्हा घरी बसतात, कारण "केंद्र बंद आहे". संच बंद असण्याचं वेळापत्रक आधी मागून घ्या.

जिवंत-मेलेले वेगळे न करता फॉर्मॅलिन ओतणं

हे सुरुवातीला सांगितलंच, आता उपाय. न्यूट्रल रेड हा रंग जिवंत पेशींमध्ये शिरून साठतो, मेलेल्यांत तसा साठत नाही. चॉक पॉइंटच्या अभ्यासकांनीच १९७२ साली कोपेपॉडसाठी ही पद्धत लिहून ठेवली. नमुना आला की फॉर्मॅलिनआधी रंग घालायचा. लिटरभर पाण्यात सुमारे १५ मिलिग्रॅम, पंधरा मिनिटं, सावलीत. मग बारीक जाळीवर गाळून, खाडीच्याच गाळलेल्या पाण्यानं धुवून, जतन करायचं. मोजायच्या आधी थोडं आम्ल घातलं की जिवंत होते ते किरमिजी दिसतात आणि मेलेले फिके राहतात.

ऐकायला सोपं, होडीवर करताना अडचणी येतात. एकही प्राणी रंगला नाही तर घाबरून "सगळे मेले" असं लिहू नका. बहुतेक वेळा रंगाचं द्रावण जुनं असतं, किंवा उन्हात राहून उतरलेलं असतं, किंवा बाटलीत प्राणी इतके दाटलेले असतात की रंग पुरत नाही. सगळे रंगले तरी संशय घ्या. म्हणून मोहीम सुरू करायच्या आदल्या दिवशी दोन वाट्या तयार करा. एकीत खाडीतले ताजे, उड्या मारणारे प्राणी, दुसरीत त्याच नमुन्यातले गरम पाण्यानं मारलेले. दोन्हींना रंग द्या. तुमच्या खाडीतल्या कुठल्या गटाला रंग नीट चढतो आणि कुठल्याला नाही, ते त्यातून कळेल. सगळ्या गटांना तो सारखा चढत नाही. जतन केलेले नमुने महिनोन्‌महिने ठेवले की रंग उतरतो, म्हणून मोजणी लवकर उरका.

यात अजून एक खोच आहे. जाळीही मारते. सांडव्याच्या चरीत पाण्याला भयंकर ओढ असते. तिथं जाळी धरली की प्राणी कापडावर आपटून मरतात आणि ते मरण केंद्राच्या खात्यात जातं. उलट आत घेण्याच्या तोंडाशी पाणी संथ असलं तर तिथले कमी मरतात. दोन्ही ठिकाणी एकाच वेगानं, एकाच पद्धतीनं नमुना घ्या. पाणी पंपानं उपसत असाल तर पंप जाळीच्या नंतर ठेवा, नाहीतर तुमचा स्वतःचाच पंप कंडेन्सरचं काम करील. आत घेतलेल्या पाण्यातच तिसरा हिस्सा मेलेला दिसू लागला, तर आधी स्वतःची पद्धत तपासा. ओढण्याचा वेळ निम्मा करा, जाळीच्या टोकाचं भांडं मोठं घ्या.

मरण लगेच दिसेल अशी अपेक्षा

मिलस्टोनच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही आहे. नळ्यांतून बाहेर आलेले बरेच कोपेपॉड त्या क्षणी जिवंत होते, आणि पुढच्या काही दिवसांत मेले. बाहेर येताक्षणी मोजणाऱ्याला अर्धी गोष्टसुद्धा दिसली नसती. शिवाय मेलेले प्राणी तळाशी बसतात. सांडपाणी आधी एखाद्या तळ्यात किंवा लांब चरीत जात असेल, तर पुढं पृष्ठभागावर जाळी ओढणाऱ्याला फक्त तगलेलेच मिळतात आणि मृत्यूचं प्रमाण सुंदर कमी दिसतं.

म्हणून निदान काही नमुने २४, ४८ आणि ९६ तास सांभाळा. काचेच्या रुंद भांड्यांत, थोडे थोडे प्राणी, सावलीत, खाडीच्या मूळ तापमानाला. सोबत आत घेतलेल्या पाण्यातले तितकेच प्राणी तसेच ठेवा. जमलं तर अंडी घालणाऱ्या माद्या वेगळ्या काढून त्यांची अंडी मोजा, त्यांतली किती उबतात ते बघा. मादी जगली आणि तिची अंडी उबलीच नाहीत, तर तिचं जगणं खाडीच्या उपयोगाचं नाही.

लांब चरीचा आणखी एक परिणाम इथं येतो. चर लांब केली की खाडीत पडेपर्यंत पाणी निवतं, खाडीच्या दृष्टीनं चांगलं. पण नळ्यांतून आलेले प्राणी तेवढा जास्त वेळ गरम पाण्यात राहतात. दोन मिनिटं ३७ अंश सोसणारा प्राणी दोन तास सोसेलच असं नाही. तापमानाबरोबर वेळ लिहिलेला नसेल तर तो आकडा अपुरा आहे.

क्लोरीन चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीनं मोजणं

नळ्यांच्या आत बार्नकल, हायड्रॉइड आणि गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात ते शिंपले घर करतात. ते बसू नयेत म्हणून क्लोरीन सोडतात. काही ठिकाणी थोडं थोडं सतत, काही ठिकाणी अधूनमधून मोठा डोस. तुम्ही सकाळी अकराला नमुना घेतला आणि डोस पहाटे चारला होता, तर तुमच्या कागदावर क्लोरीनचा परिणाम शून्य येईल. डोसाच्या वेळांची नोंदवही बघितल्याशिवाय नमुन्याची वेळ ठरवू नका.

दुसरी चूक रसायनातली. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. क्लोरीन त्याच्याशी चटकन क्रिया करतं आणि पुढचं बरंचसं काम ब्रोमीनच्या संयुगांकडून होतं. गावाचं सांडपाणी मिसळलेल्या खाडीत अमोनिया असतो, त्यातून आणखी वेगळी संयुगं तयार होतात, आणि तीही प्राण्यांना घातक असतात. आपल्या मानकात मुक्त क्लोरीनची मर्यादा आहे, लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम. फक्त मुक्त क्लोरीन मोजलं तर अमोनियाशी जोडलेलं निसटतं. अमेरिकेत २५ मेगावॉट आणि त्याहून मोठ्या केंद्रांसाठी एकूण उरलेल्या क्लोरीनची मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि एका संचातून दिवसात दोन तासांपेक्षा जास्त ते सोडता येत नाही. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत हे लक्षात घ्या. आणि बाटली बर्फात घालून शहरातल्या प्रयोगशाळेत नेऊ नका. उरलेलं क्लोरीन उन्हात मिनिटांत घटतं, ते जागेवरच मोजावं लागतं.

समुद्राच्या पाण्यानंच धुरातला सल्फर डायऑक्साइड धुण्याची व्यवस्था असेल, जशी डहाणूला आहे, तर सामू (पीएच) आणि विरघळलेला प्राणवायूही मोजायला हवा. अशा ठिकाणी फक्त तापमानाचा तक्ता जोडलेला अहवाल अपुरा समजावा.

'मूळ तापमान' पंपाच्या तोंडाशी मोजणं

कोकणात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, दोन भरत्यांच्या मध्ये सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तास. उत्तरेकडे पालघरच्या किनाऱ्याला उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं. ओहोटीला खाली गेलेलं गरम पाणी भरतीबरोबर परत वर येतं, आणि पंपाचं तोंड जवळ असेल तर पुन्हा आत जातं. मग आत जाणारं पाणीच दोन अंश चढलेलं असतं. बाहेरचं त्याहून सात अंश जास्त भरलं की कागदावर 'सात' दिसतात आणि खाडी प्रत्यक्षात नऊ अंश वर गेलेली असते. प्लवकांच्या मोजणीतही हाच घोळ होतो : एकदा नळ्यांतून जाऊन मेलेले प्राणी परत तोंडाशी येतात, आत जाणाऱ्या नमुन्यात मेलेल्यांचं प्रमाण वाढतं, आणि वजाबाकी केली की केंद्राचा वाटा लहान दिसतो. मूळ तापमान आणि मूळ मृत्युप्रमाण यासाठी स्थानक दूर घ्या. पण त्याची क्षारता तीच असली पाहिजे. खाडीच्या वरच्या गोड्या टोकाशी तुलना करून उपयोग नाही, तिथले प्राणीच वेगळे.

नमुन्याचा दिवस आम्ही होडीच्या सोयीनं ठरवतो हीसुद्धा मोठी चूक. उधाणाच्या भरतीला होडी खाडीत आतपर्यंत जाते, म्हणून त्या दिवशी जातो. नेमकं तेव्हा पाणी भरपूर असतं आणि उष्णता लवकर विरते. सगळ्यांत वाईट अवस्था भांगाच्या दिवसांत असते, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही तेव्हा. त्या दिवशी गाळात पाय रुतवत जावं लागतं. तरी जायला हवं. रात्रीही जायला हवं, कारण बरेच प्लवक अंधारात वर येतात आणि पंपाचं तोंड ठरावीक खोलीवर असतं. सबंध महिन्यात सोळा दिवसा-नमुने घेण्यापेक्षा भांगाला एक आणि उधाणाला एक असे सलग पंचवीस तासांचे दोन फेरे मला जास्त विश्वासाचे वाटतात.

गरम पाणी वरच तरंगतं, हेही गृहीत धरू नका. उन्हाळ्यात बहुधा तसंच असतं. पण सात अंश तापल्यानं पाणी जेवढं हलकं होतं, तेवढंच ते हजारी तीन भाग क्षार कमी झाल्यानंही होतं. पावसाळ्यात खाडीवर नदीचं गोडं पाणी पसरलेलं असतं, आणि मुखाजवळून ओढलेलं खारं पाणी आत सोडलं तर ते गरम असूनही खाली बुडी मारतं. वरच्या थर्मामीटरला सगळं ठीक दिसतं आणि गरम थर तळाशी सरकत असतो. तापमान वरून तळापर्यंत, दर अर्ध्या मीटरला घ्या, शेजारी क्षारता लिहा.

पावसाळ्याबद्दल एवढंच : जुलैत खाऱ्या पाण्यातले कोपेपॉड समुद्राकडे ढकलले जातात आणि संख्या कोसळते. तो पावसाचा परिणाम आहे, केंद्रावर टाकू नका. मे आणि ऑगस्टची तुलना करून कोणत्याच बाजूनं काही सिद्ध होत नाही.

थंड देशातला आकडा इथं लावणं

वर दिलेले दोन्ही अभ्यास अमेरिकेच्या थंड किनाऱ्यावरचे आहेत. मी ते पद्धतीसाठी वापरते, मर्यादेसाठी नाही. तिथं वर्षातला बराच काळ पाणी पंधरा अंशांच्या आसपास किंवा खाली असतं. त्यात दहा मिळवले तरी पंचवीस, म्हणजे तिथल्या प्राण्याला उन्हाळ्यात ओळखीचं तापमान. कोकणातल्या खाडीत एप्रिल-मेमध्ये पाणी ३०-३२ अंशांवर असतं. त्यात सात मिळवले की ३७-३९. उष्ण प्रदेशातले जलचर आपल्या सहनशक्तीच्या काठावरच राहत असतात, पुढं सरकायला जागा थोडी असते. फ्लोरिडात बिस्केन उपसागरावर, टर्की पॉइंटला, साठच्या दशकाच्या अखेरीस गरम पाण्यानं सागरी गवताचे पट्टे उजाड झाले आणि शेवटी पाणी निवायला कालव्यांचं प्रचंड जाळं खोदावं लागलं. आपल्याला जवळचा धडा तो आहे.

आणि जानेवारीतला प्रयोग मे महिन्याला लावू नका. २४ अंशांना सरावलेला प्राणी आणि ३१ला सरावलेला प्राणी, दोघांची सोसण्याची रेषा वेगळी असते.

जाळी, मापक, जेली

हे थोडक्यात. दोनशे मायक्रॉनच्या जाळीतून कोपेपॉडची बारकी पिल्लं निसटतात, म्हणून मोठ्यांसाठी एक आणि पिल्लांसाठी शंभरच्या आतली दुसरी अशा दोन जाळ्या लागतात. आपल्या खाड्यांत गाळ फार. बारीक जाळी दोन मिनिटांत बुजते आणि तोंडातून पाणी बाजूला सांडतं. प्रवाहमापक लावलेला नसेल तर किती पाणी गाळलं हे सांगताच येत नाही आणि घनतेचा प्रत्येक आकडा डळमळतो. अर्धा मीटर व्यासाची जाळी शंभर मीटर ओढली की कागदावर जवळजवळ वीस घनमीटर होतात, बुजलेल्या जाळीत ते आठही असू शकतात.

एकूण जैवभार मोजताना जेलीमासे आणि कंगव्यासारखे पट्टे असलेले जेलीचे गोळे आधी बाजूला काढा. एकच मोठा गोळा हजारो कोपेपॉडची जागा भरतो, आणि तक्त्यात "जैवभारात वाढ" असं छापून येतं.

'दहा दिवसांत भरून निघतं' हे सगळ्यांना लावणं

कोपेपॉडबद्दल हे पुष्कळसं खरं आहे, म्हणूनच ते फसवं आहे. उबदार पाण्यात अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत बारा अवस्था ओलांडून आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी तयार होते. काही जातींची अंडी तळाच्या गाळात थांबून राहतात आणि नंतर उबतात. भरतीबरोबर समुद्राकडून नवे येतात. मोठ्या, भरती-ओहोटीनं चांगल्या धुवून निघणाऱ्या खाडीत कोपेपॉडचं नुकसान खरंच भरून निघू शकतं. अरुंद, पाणी कोंडणाऱ्या खाडीत नाही. म्हणून विचारायला हवं : केंद्र दिवसाला जेवढं पाणी ओढतं, ते खाडीतल्या एकूण पाण्याच्या कितवा हिस्सा आहे आणि खाडीतलं पाणी किती दिवसांत बदलतं? हे दोन आकडे नसलेल्या अहवालातलं "भरून निघेल" हे वाक्य नुसतं आश्वासन आहे.

पण चिंबोरीला आठवड्याला नवी पिढी होत नाही. माशाला तर नाहीच. त्यांची पिल्लं ठरावीक महिन्यांत खाडीत येतात, आणि ते काही आठवडे पंप पूर्ण जोरानं चालले तर त्या वर्षीची खेप गेली. बेरजेत हे कधीच दिसत नाही, कारण शंभरातले ऐंशी-नव्वद कोपेपॉडच असतात. चिंबोरीची पिल्लं, कोलंबीची पिल्लं, माशांची अंडी आणि पोरं, जवळा, यांचे रकाने वेगळे ठेवा. कोणत्या महिन्यात काय येतं हे डोल लावणाऱ्यांना ठाऊक असतं, प्रश्नावली करण्याआधी त्यांच्याशी बसून बोला. ते महिने कळले की उपायही नेमका मागता येतो : त्या आठवड्यांत पंपांचा वेग कमी करा, क्लोरीनचा डोस हलवा, संचाची वार्षिक देखभाल तेव्हाच ठेवा. तोंडाशी संथ ओढीच्या, मिलिमीटरभर फटीच्या जाळ्या बसवता येतात, पण आपल्या गाळात त्या बुजतात, तेव्हा सफाईची सोय आधी विचारा. शीतकरण मनोऱ्यानं ओढ फार कमी होते. तो खर्चिक असतो आणि त्यातून खारटपणा वाढलेलं पाणी बाहेर येतं, हेही मोजणीत धरा. न्यूजर्सीतल्या बार्नेगॅट उपसागरावरच्या ऑयस्टर क्रीक अणुवीज केंद्राच्या मालकांनी २०१०मध्ये मनोरे बांधण्याऐवजी केंद्र मुदतीआधी बंद करणं पत्करलं, आणि ते २०१८मध्ये बंद झालं.

नमुने टाकून देणं

मोजणी झाली, अहवाल गेला, कपाट भरलं, बाटल्या ओतून टाकल्या. असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. केंद्र सुरू होण्याआधीच्या खाडीचा नमुना एकदा गेला की तो पैसे देऊन मिळत नाही. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आणि केंद्र १९९५ला चालू झालं. अशा मधल्या वर्षांतली एखादी बाटली कुठल्या महाविद्यालयाच्या कपाटात असेल, तर ती आज कुठल्याही नव्या उपकरणापेक्षा मोलाची आहे. फॉर्मॅलिनमध्ये थोडा बोरॅक्स घाला, नाहीतर आम्लानं शिंपल्यांच्या पिल्लांची कवचं विरघळतात. वर्षातून एकदा पातळी बघून भर घाला. चिठ्ठी जाड कागदाची करा, पेन्सिलीनं लिहा, बाटलीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली निघून जाते, शाईची उतरते. चिठ्ठीवर तारीख आणि स्थानक तर लिहाच. शिवाय भरती की ओहोटी, उधाण की भांग, पाणी आत जात होतं की बाहेर येत होतं, क्लोरीन चालू होतं का, आणि फॉर्मॅलिन ओतण्याआधी रंग दिला होता का, हेही लिहा.